थंडरच्या पिक्सपेक्षा त्यांचे करार बघा

रविवार, २० जुलै २०२५

ओक्लाहोमा सिटी थंडरने जून २०२५ मध्ये एनबीएचं (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचं) विजेतेपद जिंकलं, तरी चर्चा एकाच गोष्टीची: टीम बांधणाऱ्या सॅम प्रेस्टीने किती पिक्स (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) साठवल्या. पिक्स साठवणं हा यातला सोपा भाग होता, असं मला मनापासून वाटतं. खरं कसब आहे कुणाची पिक घ्यायची, कोणत्या वर्षाची घ्यायची आणि कोणता करार कोणत्या उन्हाळ्यात संपवायचा, यात.

जुलै २०१९ चा ट्रेड, ज्यात थंडरने पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला, पुन्हा नीट वाचायला हवा. क्लिपर्सनी शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, ५ फर्स्ट राउंड (पहिल्या फेरीच्या) पिक्स आणि २ स्वॅप (पिक्सची अदलाबदल करण्याचे हक्क) दिले. एवढी किंमत का दिली? कवाय लेनर्ड हवा असेल तर जोडीला जॉर्जही आणा, अशी परिस्थिती होती. समोरच्याला एका रात्रीत निर्णय घ्यायचा असेल, तर भाव विकणारा ठरवतो. प्रेस्टीने नुसते आकडे वाढवले नाहीत, वर्षंही निवडून घेतली. यादीत क्लिपर्सची २०२६ ची पिक आहे. २०२६ मध्ये लेनर्ड पस्तिशीत पोचलेला असणार, हे २०१९ मध्येही कॅलेंडर बघून सांगता येत होतं.

ट्रेडची बातमी आली की मी आधी हेच बघते. पिक कुणाची, तिच्यावर प्रोटेक्शन (ठराविक नंबरांत आली तर देणाऱ्याकडेच राहण्याची अट) किती, आणि ज्या वर्षी ती हाती येणार त्या वर्षी देणाऱ्या टीमचा मुख्य खेळाडू किती वर्षांचा असेल. यंदा फायनल गाठू शकणाऱ्या टीमची पुढच्या वर्षीची पिक म्हणजे २५ ते ३० च्या दरम्यानचा नंबर. त्याच टीमची ५ वर्षांनंतरची, प्रोटेक्शन नसलेली पिक मात्र वेगळीच वस्तू असते. ब्रुकलिनने २०१३ मध्ये गार्नेट आणि पिअर्ससाठी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पिक्स दिल्या, वर २०१७ चा स्वॅप. पहिली पिक सतरावी निघाली, तिचं काही झालं नाही. मात्र २०१६ ची तिसरी निघाली आणि जेलन ब्राउन मिळाला. स्वॅपमधून पहिला नंबर आला, तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टन तिसऱ्यावर सरकली, टेटम घेतला आणि वर आणखी एक पिक पदरात पाडून घेतली. जितकं वर्ष लांब, तितका माल मोठा.

हरून हरून ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळवायचा आणि वर यायचं, हा समज मात्र आता सोडायला हवा. २०१९ पासूनच्या नियमाने वरचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत सगळ्यात वाईट ३ टीम्सना पहिल्या नंबरची प्रत्येकी १४ टक्केच संधी ठेवली. २०२४-२५ च्या मोसमात यूटाने ६५ सामने हरून पाचवा नंबर मिळवला, वॉशिंग्टनने ६४ हरून सहावा. १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसने कूपर फ्लॅग नेला. थंडरचंही २०२०-२१ मध्ये असंच झालं होतं: ७२ पैकी फक्त २२ विजय आणि हातात सहावा नंबर. त्यावर घेतला जॉश गिडी. पुढच्या वर्षी दुसरा नंबर लागला आणि चेट होल्मग्रेन आला. पण त्याच ड्राफ्टमधला खरा डाव होता बारावा. जेलन विल्यम्स ज्या पिकवर आला ती क्लिपर्सची होती, जॉर्जच्या ट्रेडमधली. बाकी टीम बघा: डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, विगिन्स ५५ वा, जेलिन विल्यम्स ३४ वा, आणि आयझया जो फिलाडेल्फियाने सोडून दिलेला. अंदाज चुकलेही आहेत. ३ प्रोटेक्टेड पिक्स देऊन अकराव्या नंबरवर घेतलेला उस्मान जेंग २०२५ पर्यंत नेहमीच्या फळीत बसलेला नव्हता. पिक्सचा साठा असल्याचा फायदा इथे दिसतो: अशी चूक झाली तरी टीम बुडत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय जून २०२४ चा, शिकागोला गिडी देऊन बचावपटू कारुसो घेण्याचा. अनेकांना तेव्हा वाटलं की एकविशीतला, सहाव्या नंबरचा खेळाडू देताना थंडरने सोबत एक पिक मागायला हवी होती. पण २०२४ च्या डॅलसविरुद्धच्या सिरीजमध्ये काय चाललं होतं? डॅलस आपला सेंटर गिडीवर लावत होती आणि त्याला तीन पॉइंटच्या रेषेबाहेर मोकळा सोडत होती. तो सेंटर मग बास्केटजवळच उभा, आणि शे आत घुसला की समोर भिंत. जो माणूस बॉल हातात असतानाच उपयोगी पडतो, त्याला शेच्या शेजारी जागा नव्हती. गिडी वाईट खेळाडू नाही, शिकागोत त्याला मनासारखं खेळता येतं. पण थंडरसाठी त्याची किंमत दर महिन्याला उतरत होती, आणि उतरत्या किमतीच्या वस्तूवर घासाघीस करत बसलं की हातात काहीच उरत नाही.

त्या बदल्यात काय मिळालं ते १८ मे २०२५ ला दिसलं. डेन्व्हरविरुद्धचा सातवा सामना, आणि साडेसहा फुटांच्या आतला कारुसो डेन्व्हरचा उंच सेंटर योकिचवर. तो मागे उभा राहिलाच नाही. पुढे येऊन, पाय रोवून, पास आत पोचायच्या वाटेत हात घालत राहिला. वरून बॉल टाकला तर मागे मदतीला दुसरा तयार. योकिचला बॉल मिळे तोवर शॉट क्लॉकमधले (शॉट घ्यायच्या ठरलेल्या वेळेतले) सेकंद संपत आलेले असत. सामना १२५-९३ ने संपला.

आता अवघड काम सुरू होतंय. जुलै २०२५ मध्ये शेला ४ वर्षांचे २८ कोटी ५० लाख डॉलर, होल्मग्रेनला ५ वर्षांचे २५ कोटींपर्यंत आणि जेलन विल्यम्सला ५ वर्षांचे २८ कोटी ७० लाखांपर्यंत, असे करार झाले. होल्मग्रेन आणि विल्यम्सचे २०२६-२७ पासून लागू होतात, शेचा त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे २०२६-२७ मध्येच तिघांचे मिळून १२ कोटींच्या वर जातील. २०२५-२६ च्या मोसमाला कॅप (टीमच्या एकूण पगारांची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख आणि दुसरं एप्रन (तिच्याही वरची, कडक निर्बंधांची रेषा) २० कोटी ७८ लाख डॉलर. त्या एप्रनच्या वर गेलं की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, ७ वर्षांनंतरची फर्स्ट राउंड पिक गोठते, आणि पुढच्या ४ पैकी २ वर्षंही वरच राहिलं तर ती पिक राउंडच्या शेवटी ढकलली जाते. २०२४ ची विजेती बॉस्टन या रेषेखाली यायला २०२५ मध्ये हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना सोडून बसली. फिनिक्सचं तर फारच वाईट झालं. ड्युरंटसाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि ४ पिक्स घालवल्या, मग नो-ट्रेड क्लॉज (त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही, अशी अट) असलेला बील आणला, एप्रनमुळे हात बांधले गेले, आणि २०२५ मध्ये बीलला सोडल्यावरही ५ वर्षं दरसाल १ कोटी ९४ लाख डॉलर कॅपवर राहणार.

म्हणून थंडरच्या सेंटर हार्टनस्टाइनचा करार मला इतका आवडतो. ३ वर्षांचे ८ कोटी ७० लाख हा आकडा पाहून तेव्हा लोक दचकले होते. पण तिसरं वर्ष, २०२६-२७, टीम ऑप्शन आहे, म्हणजे ते ठेवायचं की नाही हे टीम ठरवते. डॉर्टचंही शेवटचं वर्ष तेच, आणि तेही टीम ऑप्शन. दोन्ही दारं बरोबर त्याच उन्हाळ्यात उघडतात ज्या उन्हाळ्यात नवे पगार सुरू होतात. पैसे सुरुवातीला जास्त द्यायचे, पण मुदत आपल्या सोयीची ठेवायची. छोट्या शहराच्या टीमला हे जमतं, कारण तिने आधीच हिशेब मांडलेला असतो.

माझं मत विचाराल तर जून २०२६ मध्ये हार्टनस्टाइनचं ऑप्शन उचलायचं नाही, त्याऐवजी कमी वार्षिक रकमेवर लांब मुदतीचा करार करायचा. तो मानला नाही तर २०२५ मध्ये पंधराव्या नंबरवर घेतलेल्या थॉमस सॉर्बरवर भिस्त ठेवावी लागेल. त्याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून त्याला पहिलं वर्ष घाईने खेळवू नये. गंमत अशी की ती पिक मायामीची, आणि तिचंही मूळ जॉर्जच्याच ट्रेडमध्ये. डॉर्टच्या जागेला केसन वॉलेस आहे, पण त्याचा नवा करारही २०२६ च्याच उन्हाळ्यात बोलायचा, त्यामुळे दोघांनाही पूर्ण भावाने ठेवणं शक्य दिसत नाही. मला निवडायला सांगितलं तर मी वॉलेस ठेवीन. तो लहान आहे, आणि बॉल हातात घेऊन हल्ला सुरू करणं डॉर्टपेक्षा त्याला जास्त जमतं. डॉर्टसाठी मात्र फेब्रुवारी २०२६ च्या ट्रेड डेडलाइनआधीच फोन घ्यायला सुरुवात करावी, ऑप्शनची तारीख गळ्याशी यायची वाट बघू नये.