खाटेच्या पायथ्याशी देवचार

जुलैची रात्रपाळी. मुलांच्या वॉर्डात अकरा पेशंट, त्यातले सात डेंगीचे. डेंगी म्हटलं की लोक प्लेटलेट मोजतात आणि पपईच्या पानांचा रस घेऊन येतात. आमचं लक्ष वेगळीकडे असतं. ताप उतरला की आईबाप हुश्श करतात, आणि आमची खरी ड्यूटी तिथून सुरू होते. पुढचे २४ ते ४८ तास रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतो, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर कमी होत जातं. ते घटत २० पर्यंत आलं की धावपळ. नुसता वरचा आकडा बघून निवांत झोपणारेही आहेत आमच्यात, नावं घेत नाही.

चार नंबरला गोव्यातल्या सासष्टीतला आठ वर्षांचा मुलगा होता, वजन २२ किलो. ताप दुपारीच उतरलेला. बाप बोटीवर, आई घरी तान्ह्या बाळापाशी, म्हणून सोबतीला शामाय, म्हणजे आजी. ती हातात रोजार, म्हणजे जपमाळ, घेऊन खुर्चीतच झोपली होती. अडीचच्या सुमारास पोर किंचाळलं, "देवचार आयला! म्हाका व्हरूंक आयला!" मला न्यायला आलाय.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी पेडण्याची, हिंदू. आमच्या वाड्याच्या वेशीवर वडाखाली देवचार आहे. त्याला रोट म्हणजे जाड भाकरी, सोरो म्हणजे दारू, आणि विडी ठेवतात. रात्री एकटं माणूस आलं, तर तो काठी आपटत घरापर्यंत सोबत करतो, असं ऐकतच वाढले मी. म्हणून विचारलं, "हातात काठी आहे?" "हय." "मशाल?" त्यानं खाटेच्या पायथ्याकडे बोट केलं. "तांबडी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी समजुतीनं म्हणाले, "भियेवं नाका बाबा. तो राखणदार. रातभर तुज्या खाटीकडेन उबो रावतलो."

पोराचा आवाजच गेला. मग असेल नसेल ते बळ एकवटून त्यानं हातातली सुई ओढायला घेतली.

माझ्या जोडीची सिस्टर मडगावची, ख्रिस्ती. ती धावत आली, त्याला धरलं आणि माझ्यावरच ओरडली, "अगे, आमच्यांत देवचार म्हळ्यार सैतान!"

म्हणजे भेदरलेल्या पोराला मी सांगितलं होतं की सैतान रात्रभर तुझ्या पायथ्याशी उभा राहील.

पण लाज वाटायला वेळ नव्हता. डेंगीत अस्वस्थपणा हे धोक्याचं लक्षण. बीपी ९४/७०, हिमॅटोक्रिट संध्याकाळी ३८ होता तो ४४. फोनवर डॉक्टर म्हणाले, "घाबरलाय तो, गोष्ट सांगा." मी आकडे सांगितले तेव्हा उठून आले. सलाईन ताशी ११० मिलीवर नेलं. पंपाचा वेग बदलताना माझं लक्ष गेलं: उभा स्टँड, त्यावर कुणीतरी टाकलेला टॉवेल, आणि पंपावरचा तांबडा दिवा. मशालीचा उलगडा झाला. पण काठी आणि मशाल हे दोन्ही शब्द माझे होते. मी विचारलं नसतं तर त्यानं काय सांगितलं असतं?

पहाटेपर्यंत मडगावची त्याच्याशी हळूहळू बोलत होती. दोन महिन्यांपूर्वी त्याचं फर्स्ट कम्युनियन झालं. होस्त, म्हणजे त्यात मिळणारी प्रसादाची पातळ चकती, जिभेवर विरघळू द्यायचा, दात लावायचा नाही, असं कुणीतरी बजावलेलं. यानं चावला. आणि कुमसारात, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करताना, सांगितलं नाही. वर शामाय रोज तेर्सात, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, 'नरकाच्या आगीतून वाचव' ही फातिमा गावची प्रार्थना म्हणवून घेते आणि ती गोष्टही सांगते: १३ जुलै १९१७, पोर्तुगालमधली दहा, नऊ आणि सात वर्षांची तीन मेंढपाळ मुलं, त्यांना मेरीमातेनं दाखवलेला आगीचा समुद्र.

"पण त्यांना सर्गात नेण्याचं वचन आधी मिळालेलं," मडगावची चिडून म्हणाली. "नाहीतर भीतीनं मेलो असतो, असं त्यातल्या थोरलीनंच पुढे लिहून ठेवलंय. पोरांना नरक तेवढा सांगतात, हे गाळतात."

नरकाला हे लोक यमकोंड म्हणतात. यम आमचा, कुंडही आमचं. गोव्यात आलेल्या इंग्रज पाद्रीच्या, फादर स्टीफन्सच्या, १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्ग वैकुंठ झाला, तो मराठी ओवीतच. यम, वैकुंठ नीट पलीकडे पोचले. आमचा राखणदार तेवढा वाटेत सैतान झाला.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. प्लेटलेट अजून कमी होत्या, म्हणून सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरायचा होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुमचो देवचार खंय रावता?"

"वडाखाली."

"थंय गरम आसा?"

"ना. सावळी आसा."

"आनी खाता कितें?"

"रोट."

जरा वेळ गप्प राहिला. "चाबून खाता?"

"हय," मी म्हटलं, "चाबून."

घड्याळात अजून दीड मिनिट बाकी होतं.