१००० तास म्हणजे ४२ दिवस

नवा फोन बाजारात कधी आणायचा, हे ठरवताना कंपन्या कॅलेंडर उलटं वाचतात. अमेरिका-युरोपात नाताळची खरेदी, आपल्याकडे दिवाळीची. त्याआधी माल दुकानात, त्याआधी गोदामात, त्याआधी कारखान्याची लाइन सुरळीत. जुळणी चीनमध्ये असेल, तर चांद्र नववर्षाची सुट्टी वजा करायची. तेव्हा कारखाने बंद असतात आणि गावी गेलेले सगळेच कामगार परतत नाहीत.

इथपर्यंत सोपं. खरी ओढाताण मधल्या आठवड्यांची असते. काही आठवडे पैसे टाकून वाचवता येतात, काही कितीही पैसे ओतले तरी वाचत नाहीत.

जहाजाऐवजी विमानाने माल पाठवला की दोन-तीन आठवडे सहज वाचतात (सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या मात्र प्रवासी विमानात चालत नाहीत आणि मालवाहू विमानातही सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवून जात नाहीत). प्लास्टिकच्या भागांसाठी दुसरा साचा आधीच करून ठेवता येतो. पण सुट्या भागांची एक नेहमीची चाचणी घ्या: ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास. म्हणजे जवळपास ४२ दिवस. माणसं दुप्पट लावली म्हणून ते २१ होत नाहीत. चिपमध्ये चूक सापडली, तर मास्क (चिपची नक्षी उमटवणारा साचा) बदलून वेफर (ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) पुन्हा फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, फिरवावं लागतं. त्यात काही महिने जातात.

उलटंही घडतं. रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक खरं तर २०२० मध्ये यायचा होता. चिप निर्दोष व्हायला आणखी एखादी फेरी लागेल असं गृहीत धरलं होतं, पण बी-झिरो ही आवृत्तीच उत्पादनायोग्य निघाली आणि बोर्ड जून २०१९ मध्येच आला. मात्र त्यात एक चूक राहून गेली. समोर कोणतं उपकरण आहे, हे चार्जर यूएसबी-सीच्या सीसी-१ आणि सीसी-२ या दोन पिनांवरून ओळखतो; उपकरणात त्यांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रोधक लागतो. बोर्डावर दोन्ही पिना जोडून एकच रोधक दिला होता. साध्या केबलला त्याने फरक पडत नाही. ई-मार्क चिप (केबलची क्षमता सांगणारी चिप) असलेल्या केबलमध्ये मात्र साधारण १ किलोओहमची आणखी एक जोडणी असते. ती समांतर आली की एकूण रोध ८४० ओहमच्या आसपास उतरतो, चार्जरला वाटतं समोर ऑडिओ ॲडॉप्टर आहे, आणि तो वीजच देत नाही. बाहेरच्या लोकांना बोर्ड देऊन केलेल्या चाचण्यांतही हे सापडलं नाही. मला यातून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: चाचणीचे दिवस मोजण्याआधी केबल मोजा. किती प्रकारच्या केबल आणि किती चार्जर वापरून पाहिले, याची यादी हवी.

सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ फोनचं प्रकरण याहून गंभीर. १९ ऑगस्ट २०१६ ला विक्री सुरू झाली, फोन पेट घेऊ लागले म्हणून २ सप्टेंबरला परत मागवले. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा कमी पडून इलेक्ट्रोड वाकत होता. बदली फोन तीन आठवड्यांच्या आत लोकांच्या हातात पडू लागले. त्यात दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती आणि तिच्या वेल्डिंगला राहिलेले टोकदार कंगोरे इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा आतला पडदा भेदत होते. काही बॅटऱ्यांत इन्सुलेशनची पट्टीच नव्हती. ऑक्टोबरात उत्पादन कायमचं थांबलं.

दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी पहिल्या खेपेत ठीक वाटली होती. पण उत्पादन घाईने वाढवलं की वेल्डिंग तेच राहील, असं धरून चालता येत नाही. कारण शोधण्यासाठी सॅमसंगने २ लाखांवर फोन आणि ३० हजारांवर बॅटऱ्या तपासल्या. डिझाइन तपासणीच्या टप्प्यावर, म्हणजे डीव्हीटीत, बहुतेकदा काही शेच नग असतात. हजारांत एखादा बिघडणारा नग तिथे दिसेलच असं नाही. म्हणून पुरवठादाराची लाइन वेगाने वाढवली, की त्या नव्या लॉटमधल्या बॅटऱ्यांचे एक्स-रे आणि फोडून केलेली तपासणी पहिल्यापासून करायची, आणि तेवढे दिवस वेळापत्रकात आधीच राखून ठेवायचे.