पिकअपची ताकद किती वाढली, हे कागदावर मिळवताना

माझ्या डिझेल पिकअपला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून इंजिनात भरायची हवा गार करणारा) बसवला, डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला हात न लावता त्याच्यानंतरचा एक्झॉस्ट मोकळा केला, ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं रीमॅप करून सेटिंग बदलून घेतलं. ही सगळी कामं सुरळीत झाली. अडलं ते मोजण्यापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता निवलेला नाही.

कामाला सुरुवात करण्याआधीच मी गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवली होती. हे प्रत्येकाने करावंच. माहितीपत्रकातला आकडा इंजिनाच्या फ्लायव्हीलवरचा असतो. रोलरवर दिसतो तो गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर यांनी आपापला वाटा घेतल्यावर चाकांपाशी उरलेला. त्यात सरसकट १५ टक्के मिळवून फ्लायव्हीलचा आकडा सांगतात, पण तो अंदाज झाला, मोजमाप नव्हे. माझ्या गाडीचे चाकांवर १४८ हॉर्सपॉवर आले. लागोपाठच्या रनमध्ये, म्हणजे एकेका मोजणीत, दोन-तीनचा फरक पडत होता, तोही टिपून ठेवला. म्हणूनच एकाच रनच्या जोरावर कोणी पाच हॉर्सपॉवर वाढल्याचं सांगितलं, तर मी ते धरत नाही.

कामं झाल्यावर त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये पुन्हा रन घेतले. हातात कागद आला: १७१. म्हणजे २३ वाढले. सगळे खूश. मी मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पहिल्याच्या कोपऱ्यात ‘एसएई’ असं छापलेलं होतं. दुसऱ्याच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं.

ही बारीकशी गोष्ट का महत्त्वाची, ते सांगतो. हवा गार आणि दाट असेल तर इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. म्हणून दोन वेगळ्या दिवसांचे रन एका पातळीवर आणायला डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेल्या आकड्याला एक करेक्शन फॅक्टर लावतं. एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरतं. जुनं ‘एसटीडी’ साधारण साडेपंधरा अंश आणि त्याहून जास्त दाब धरतं. तीच गाडी, तोच रन, पण एसटीडीत आकडा सुमारे चार टक्क्यांनी मोठा दिसतो. १६४च्या आसपास चार टक्के म्हणजे सहा-सात हॉर्सपॉवर, तेही एक पानासुद्धा न फिरवता.

काउंटरवर विचारलं, “यात कुठलं करेक्शन लावलंय?”

“करेक्टेडच आहे, साहेब.”

“अहो, पण कुठलं?”

“करेक्टेड म्हणजे करेक्टेड.”

मग मूळ रनची फाइल मागितली. फाइल ग्राहकाला देत नाही, म्हणाले. निदान स्क्रीनवर उघडून दाखवा म्हटलं, तर ऑपरेटर रजेवर. तो आल्यावर फोन करतो म्हणाले, फोन आला नाही. पुन्हा गेलो तर सल्ला मिळाला की शंका असेल तर नव्याने रन घ्या, त्याचे पैसे वेगळे. इथे माझा संयम संपला. नव्या रनची काहीच गरज नव्हती. रोलरने टिपलेली माहिती फाइलमध्ये जशीच्या तशी असते, करेक्शन हा तिच्यावरचा निव्वळ हिशोब. ज्या कामाचे पैसे घेतले त्याचाच हिशोब दाखवायला एवढी टाळाटाळ कशासाठी, हे मला आजही कळलेलं नाही. मी तिथेच बसून राहिलो.

शेवटी ऑपरेटर आला. भला माणूस. त्याने फाइल उघडली, यादीत ‘एसटीडी’ निवडलेलं होतं, ते बदलून ‘एसएई’ केलं आणि १७१चे १६४ झाले. पापणी लवते न लवते एवढं काम. खरी वाढ १६ हॉर्सपॉवर. आकडा लहान झाला तरी मला एकदम हलकं वाटलं, कारण आता तो माझा होता. त्याच्याकडून करेक्शन न लावलेले दोन्ही आलेखही छापून घेतले. टर्बो गाडीवाल्यांनी हे जरूर मागावं. हवा पातळ असली तरी टर्बो जास्त फिरून बरीचशी कसर भरून काढतो. त्यावर नेहमीचा फॅक्टर लावला की आकडा फुगू शकतो.

म्हणून रनची वेळ ठरवतानाच विचारा: करेक्शन कुठलं, आणि फाइल पेनड्राइव्हवर मिळेल का? नाही म्हणाले तर दुसरं ठिकाण बघा.

डिझेलवाल्यांसाठी अजून एक. पेट्रोल इंजिनात स्पार्कच्या वायरीला क्लॅम्प लावून आरपीएम घेता येतो, डिझेलला ती वायरच नसते. ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) किंवा ऑप्टिकल सेन्सरने घ्यावा लागतो. आरपीएम नसेल तर रोलरवरून हॉर्सपॉवर कळते, इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, निघत नाही.

टायरची हवा आणि गाडी रोलरवर बांधायच्या पट्ट्यांचा ताण दोन्ही वेळा सारखा ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मधेच किकडाउन होऊन खालचा गिअर पडू देऊ नका, तो रन वाया जातो. दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडून, पंखा लावून आत येणाऱ्या हवेचं तापमान आधीइतकं उतरू द्या, कारण हवा तापली की ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. इंटरकूलर बदलला असेल तर शेवटचा तापलेला रनही जपून ठेवा, त्याचा खरा उपयोग तिथेच दिसतो.

आणि नुसता सर्वांत वरचा आकडा पाहू नका. टॉर्क पाउंड-फूटमध्ये घेऊन आरपीएमने गुणा, ५,२५२ने भागा, हॉर्सपॉवर मिळते. माझ्या गाडीत २,००० आरपीएमला टॉर्क २५५वरून २९० झाला, म्हणजे ९७चे ११० हॉर्सपॉवर. माल भरून चढ चढताना इंजिन तिथेच फिरत असतं, ३,६००ला नाही. शिखरावरच्या १६पेक्षा मला हे १३ जास्त मोलाचे वाटतात.