पाणी कुठे थांबतं ते बघा

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या आमच्या नागावात प्रत्येक घरात पाण्याचा हिशोब चालतो. विहिरी तळाला टेकत आलेल्या असतात, नारळ-सुपारीला पाणी चुकवून चालत नाही, आणि टँकर बोलावला तरी तो सांगितलेल्या वेळेला येईलच असं नाही. अशा दिवसांत आमच्या घरामागचा स्विमिंग पूल सारखा भरावा लागू लागला, तेव्हा माझी झोप उडाली. पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या तेव्हा हा पूल बांधला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे ३८ हजार लिटरच्या आसपास पाणी, आणि तेही आमच्याच विहिरीचं. ते जमिनीत मुरतंय ही गोष्ट मला सहन होत नव्हती.

आधी सगळ्यांनी समजूत काढली की उन्हाळा आहे, पाणी उडतंच. उडतं हे खरं. दुपारी खारे वारे सुटले की उघड्या पाण्याची वाफ भराभर होते. पण किती उडतं आणि किती गळतं हे अंदाजाने ठरवायचं कारणच नाही. रंगाची रिकामी बादली धुऊन घेतली, तरंगू नये म्हणून तिच्यात एक जांभा दगड ठेवला आणि ती पुलाच्या वरच्या पायरीवर ठेवली. बादलीत पुलाचंच पाणी भरलं. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीला आणून आत एक, बाहेर एक अशा चिकटपट्टीच्या खुणा केल्या. पंप बंद, पोहणं बंद, नळ बंद. बादली पाण्यातच असल्यामुळे दोन्हीकडचं पाणी साधारण सारखंच तापतं आणि वाराही दोघांना सारखाच लागतो. त्यामुळे बादलीत जेवढी घट होते तेवढं पाणी उडालं, आणि बाहेर त्याहून जास्त जेवढी घट होते तेवढं गळालं.

२४ तासांनी बादली ६ मिलिमीटरने उतरली होती आणि पूल ३८ मिलिमीटरने. फरक ३२ मिलिमीटर. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, पाऊस मोजतात तसंच. आमच्या पुलाचं तोंड ३२ चौरस मीटरचं. म्हणजे दिवसाला हजार लिटरच्या वर पाणी कुठेतरी जात होतं. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा मन फार खट्टू झालं. तेवढ्यात शेजारच्या दोन-तीन घरांचं भागतं.

वॉटरप्रूफिंगचं काम करणारे एक कंत्राटदार येऊन बघून गेले. पंपघराच्या कोपऱ्यात जमीन ओली होती आणि तिथे कोणी पाणी न घालता अळू माजलं होतं. भर उन्हात पानं तळहाताच्या दुप्पट. त्यांनी तिथे पाय रोवून सांगितलं, "वहिनी, गळती इथेच आहे. पूल रिकामा करू, ही भिंत आणि तळ, दोन्हीच्या टाइल्स फोडू, नवीन लेप देऊ. फोडल्याशिवाय कळायचं नाही." खर्च लाखाच्या घरात, आणि काम सुरू होणार जूनच्या तोंडावर.

मी नाही म्हटलं. त्याची कारणं दोन.

एक म्हणजे ओल दिसते तिथे गळती असते हे गृहीत धरणंच चूक. पुलाचे सगळे पाइप एका चरातून पंपघराकडे आणलेले असतात आणि तो चर बुजवताना भुसभुशीत माती-वाळू टाकतात. आजूबाजूच्या दाबलेल्या जमिनीपेक्षा पाण्याला ती वाट सोपी. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला निसटलेलं पाणी चरातून वाहत येऊन पंपघरापाशी वर येऊ शकतं. अळू कुठे माजलं यावरून पाणी कुठे पोचलं ते कळतं, निघालं कुठून ते कळत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, आणि किनारपट्टीवर पूल असलेल्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं म्हणून जरा थांबून लिहिते. आमच्याकडे पावसात विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. तीच पातळी पुलाच्या तळाभोवतीही असते. जमिनीतलं पाणी तळापेक्षा एक मीटर वर आलं तर दर चौरस मीटरला एक टन इतक्या जोराने ते तळाला वर ढकलतं. आमच्या पुलापुरता हा जोर ३२ टन होतो. पूल भरलेला असताना आतलं पाणी तो जोर दाबून धरतं. पुलाच्या रिकाम्या काँक्रीटच्या टाकीचं वजन याहून कमी भरलं, तर टाकी वर उचलली जाते, तळ तडकतो, पाइप तुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर पूल कोरडा करायला सांगणाऱ्या माणसाने आधी विहिरीत डोकावायला हवं.

आमच्या पंपाचं काम बघणारे भाऊ मात्र शांत डोक्याचे. त्यांचं म्हणणं, गळतात ते पाइप की पुलाची टाकी, आधी एवढंच ठरवू. पंप चालू असताना पाणी जास्त घटत असेल तर पुलाकडे परत येणाऱ्या, दाबाखालच्या पाइपांवर संशय घ्यायचा. ओढणाऱ्या बाजूचा पाइप फुटला असेल तर पंप चालू असताना तो हवा ओढतो आणि इनलेटमधून, म्हणजे पाणी पुलात परत येतं त्या तोंडातून, बुडबुडे येतात. आम्ही बादलीची तीच चाचणी पंप चालवून परत केली. घट जवळजवळ तेवढीच, बुडबुडे नाहीत. फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेचं, गॅस्केट खराब झालं की पाणी बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर धुतलेलं पाणी सोडायच्या, पाइपातून गुपचूप बाहेर जातं, म्हणून त्या पाइपाचं तोंडही पाहिलं. ते कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे पाइपांवरचा संशय बराचसा फिटला.

मग आम्ही पाणी उतरू दिलं. माझ्या मते सगळ्या शोधातला हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि लोक हाच टाळतात, कारण त्यात वाट बघावी लागते. छिद्र ज्या उंचीवर असेल तिथवरच पाणी गळतं. पातळी छिद्राच्या खाली गेली की गळती थांबते आणि मग फक्त ऊन-वारा नेईल तेवढंच पाणी जातं. स्किमरचं, म्हणजे वरचं पाणी पंपाकडे ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेचं, तोंड उघडं पडायच्या आत पंप बंद केला, नाहीतर तो हवा ओढून कोरडा चालतो. पुढे पाणी स्थिर राहणार, शेवाळ धरणार, म्हणून क्लोरीन हाताने टाकून ढवळत राहिले. पाहुण्यांना फोन करून पूल बंद असल्याचं आधीच कळवलं. ज्यांनी त्यामुळे बुकिंग रद्द केलं त्यांना पैसे परत केले.

पातळी खाली जाईल तशी बादली एकेक पायरी खाली आणायची आणि खुणा नव्याने करायच्या. स्किमरच्या खाली पाणी गेलं तरी पूल बादलीपेक्षा जास्त उतरत होता, म्हणजे स्किमर संशयातून सुटला. इनलेटच्या खाली गेलं तरी तेच. मात्र उतरण्याचा वेग हळूहळू कमी होत होता. छिद्रावरचं पाणी कमी झालं की दाब कमी होतो, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. आणि मग एका सकाळी बादली आणि पूल बरोबरीने उतरलेले दिसले. पाण्याची रेघ समोरच्या भिंतीतल्या लाइटच्या वरच्या अंगाला टेकली होती. पंपघराच्या कोपऱ्यापासून ही भिंत सर्वांत लांब.

पुलातला लाइट भिंतीतल्या एका खोलगट डब्यात बसवलेला असतो. त्या डब्याच्या मागून एक कंड्युट पाइप निघतो आणि त्यातून केबल बाहेर जाते. हा पाइप पुलाच्या पाण्याने भरलेलाच असतो. तो जमिनीत कुठे तडकला किंवा त्याचा सांधा सुटला तर पुलाला ती पळवाट मिळते. आमचा कंड्युट बाकीच्या पाइपांबरोबर त्याच चरातून पंपघराकडे गेलेला. अळूचं कोडं तिथे सुटलं.

तरी खात्री करायचीच होती. विहिरीचं पाणी सोडून पातळी लाइटच्या चार बोटं वर आणली. लाइट १२ व्होल्टचा असला तरी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला आणि कोणी चुकून चालू करू नये म्हणून वर चिठ्ठी लावली. लाइटच्या कडीचा स्क्रू काढला की दिवा बाहेर येतो. केबलचं वेटोळं मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे तो काठावर ठेवता येतो. पाणी पूर्ण निवांत झाल्यावर भाऊंनी सुई नसलेल्या सिरिंजमधून खायच्या लाल रंगाची बारीक धार कंड्युटच्या तोंडाजवळ सोडली. आधी शेजारच्या टाइल्सच्या सांध्यांजवळही सोडून पाहिली होती. तिथे रंग ढगासारखा जागच्या जागी पसरत राहिला. कंड्युटपाशी मात्र त्याचा धागा झाला आणि तो सरळ आत ओढला गेला. मी काठावर पालथी पडून बघत होते. इतके दिवस चाललेला पाण्याचा प्रवास डोळ्यांनी दिसला, याचा आनंद फार मोठा होता.

दुरुस्ती सोपी निघाली. पातळी पुन्हा लाइटखाली आणली. काढलेलं पाणी क्लोरीन उन्हात उडून जाईपर्यंत टाकीत ठेवून मग पोफळींना दिलं. कंड्युटचं तोंड घासून स्वच्छ केलं आणि केबलभोवती दोन भाग मळून लावायची, पाण्यातही घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी ठासून भरली. ती पक्की झाल्यावर पूल भरला आणि बादली पुन्हा पायरीवर ठेवली. आतली खूण आणि बाहेरची खूण सारखी उतरली. एकही टाइल फोडली नाही.

जमिनीतला कंड्युट अजून फुटकाच आहे. केबल बदलायची वेळ येईल तेव्हा चर उघडून तो नवा टाकू, पण पाऊस संपून विहिरीचं पाणी उतरल्यावरच. ज्यांच्या पुलाला काठावरून पाणी ओसंडून बॅलन्सिंग टँकमध्ये जाण्याची सोय आहे, त्यांनी बादलीची चाचणी करताना पंप बंद ठेवून पूल आणि तो टँक दोन्हींची पातळी वेगवेगळी मोजावी. गळणारा तो टँकही असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो झाकलेला असल्याने तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.