कोरडा कप

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आजींचा फोन आला. "अहो, कालपासून कप कोरडा ठणठणीत आहे. पाणी एकदम स्वच्छ झालं म्हणायचं का?"

मी कोल्हापूरच्या एसटीत होतो. मागच्या सीटवर पोर रडत होतं, रेंज येत-जात होती. म्हणालो, "कपाच्या मानेला चिकटा धरला असेल. कप काढून स्वच्छ घासा आणि परत बसवा." हे वाक्य तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

मी घरोघरच्या माशांच्या टाक्यांची देखभाल करतो. ही टाकी ठाण्यात, घोडबंदर रोडला. सम्प, म्हणजे खालच्या कपाटातली जोडटाकी, धरून ३५० लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश, एक यलो टँग मासा, एक क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबीच. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही आणि ठेवू देत नाही. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदार कितीही हळू आवाजात "देतो मिळवून" म्हणाला तरी. टाकी साहेबांनी हॉलच्या शोभेसाठी घेतली. सांभाळतात आजी आणि सात वर्षांचा नातू. बहुतेक घरी असंच असतं. पैसे देणारा काचेतून बघतो, खालचं कपाट उघडायला वाकतो तो दुसराच कुणीतरी.

त्या कपाटात स्किमर असतो, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र. आमच्या गावाकडे गुऱ्हाळात रस उकळला की मळी वर येते, ती काढत राहावं लागतं, नाहीतर गूळ काळा पडतो. इथे जाळ नाही, हवेचे बारीक बुडबुडे आहेत. विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकटा यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असले रेणू बुडबुड्याला चिकटतात, फेस मानेतून चढतो आणि कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे जमतं.

'प्रोटीन स्किमर' या नावामुळे लोकांना वाटतं, सगळी घाण हाच ओढतो. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तर पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा निघत होता. कपातला गाळ वाळवून तपासला तर त्यात चुना आणि सिलिकाच जास्त. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की तो आधी स्किमरच्या किमतीकडे बघतो, मग माझ्याकडे.

तरीही घरात शिरल्यावर मी माशांआधी कप बघतो. फिक्या चहासारखं पातळ पाणी असेल तर फेस ओला चढतोय, स्किमरमधल्या पाण्याची पातळी खाली घ्यायची. काढ्यासारखं काळं-हिरवं, दाट, नाकाला भाऊच्या धक्क्यावरची संध्याकाळ आठवून देणारं असेल तर सगळं ठीक. एका रात्रीत कप काठोकाठ भरला तर खडकामागे काहीतरी मेलंय. आणि कोरडा कप म्हणजे फेस मेलाय. घाण पाण्यातच आहे.

फेस का मेला ते मला फोनवर विचारायला सुचलं नाही. नंतर नातवानेच सांगितलं. नरकचतुर्दशीला पहाटे आजींनी त्याला तेल लावलं आणि अंघोळीच्या आधी हा पठ्ठ्या कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसला. श्रिंप त्याच्या बोटांवर चढून नखांच्या कडा कोरतो, हा त्याचा रोजचा खेळ. डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण तेलाचा थेंब टाकतो, तेच इथे झालं. आपण काही न करता थांबलो असतो तर एक-दोन दिवसांत फेस आपोआप परतला असता. नुसतं थांबायला हवं होतं.

आजींनी मात्र मनापासून घासलं. कप भांड्याच्या साबणाने, आणि हातासरशी फिल्टरची पिशवीही कपड्यांच्या पावडरीत भिजवून. त्यांच्या लेखी स्वच्छ याचा अर्थ तोच, आणि "साबण नको" हे मी बोललोच नव्हतो. भरीस भर, सुट्टीत रोज कप उपसायला लागू नये म्हणून कपाला नळी लावून ती दहा लिटरच्या कॅनमध्ये सोडायची हुशारी माझीच.

रात्रभर फेस उसळत राहिला. कॅन भरून पाणी हॉलभर. सम्पची पातळी उतरली की टॉप-अपचा पंप सुरू होतो आणि ५० लिटरच्या ड्रममधून साधं आरओचं पाणी भरतो. एरवी ते बरोबर असतं, पाणी आटतं तेव्हा मीठ मागे राहतं. इथे मीठ फेसाबरोबर बाहेर चाललं होतं आणि पंप इमानदारीत गोडं पाणी ओतत होता.

पाडव्याला सकाळी फोन. मी म्हणालो, फक्त दोन प्लग काढा, बाकी सगळं चालू राहू द्या, नाहीतर मासे गुदमरतील. वायरींना मी मराठीत पट्ट्या चिकटवतो. 'स्किमर' आणि 'टॉप-अप' नातवाने वाचून काढले. साहेबांनी मला फुगलेल्या लाकडी फ्लोअरिंगचे चार फोटो पाठवले. माशांचा एकही नाही.

रात्री पोचलो. ड्रम तळाला गेलेला. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२२, मी १.०२५ ठेवतो. पिशवी फेकली, पाणी गाळायला ताजा कार्बन लावला, ६० लिटर पाणी बदललं, पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलं. मीठ एकदम चढवलं नाही. चार दिवस साध्याऐवजी खाऱ्या पाण्याची भर घातली. माशांना एवढा फरक सोसतो. श्रिंपला सोसत नाही, त्यात साबण.

तो खडकाच्या पायथ्याशी आडवा होता. नातू काचेला नाक लावून. "काका, मेला का?"

श्रिंप कात टाकतो, ती अगदी अशीच दिसते, मिशांसकट. फक्त कात काचेसारखी आरपार असते. हा दुधी गुलाबी होता आणि चिमट्याला जड लागला.

"कात आहे रे," मी म्हणालो. "नवं कवच कडक होईपर्यंत तो लपून बसतो."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मी तो टिश्यूत गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकला आणि स्किमरची मान पुसायला वाकलो.

मागून आवाज आला, "काका, ती कात मला द्या ना. सुट्टी संपली की शाळेत दाखवायचीय."