कोणती गाडी?

दिवस तसा वाईट गेला नाही. तरी झोप येत नाहीये, म्हणून वही उघडली.

दुपारी पराटीत कापूस वेचत होते. कमरेची वटी कापसानं भरत आलेली, दोन्ही हात चालू. आई, म्हणजे सासूबाई, धुऱ्यावरून हाका मारत होत्या म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. शेवटी त्या माझ्या तासात, पराटीच्या ओळीत शिरून समोरच उभ्या राहिल्या. "बहिरी झाली काय वो? आवाज देऊ देऊ गळा सुकला माहा!" बाया हसल्या. हेही हसले. ते जाऊ दे.

आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला गोल्फमध्ये चौथी आली, तेव्हापासून मला गोल्फचं काहीबाही वाचायचा नाद लागलाय. मैदान कधी पाहिलेलं नाही. त्या वाचनात जॉयस वेदरेड भेटली. इंग्लंडची, जन्म १९०१चा. १९२० साली शेरिंगहॅमला इंग्लिश लेडीज स्पर्धेची फायनल. ही अठराची, फारशी कुणाला माहीत नाही. समोर सेसिल लीच, त्या काळची दबदब्याची खेळाडू. होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, आणि कुणी किती होल जिंकले ते मोजतात. जॉयस सहा होलनी मागे पडली आणि तिथून वर येऊन जिंकली. सांगतात की सतराव्या होलवर ती चेंडू होलकडे ढकलणार, तेवढ्यात शेजारून आगगाडी धडधडत गेली. नंतर कुणीतरी विचारलं, गाडीचा त्रास नाही झाला? म्हणाली, "कोणती गाडी?"

शंभर वर्षं झाली तरी लोक हे कौतुकानं सांगतात. तिला अख्खी गाडी ऐकू आली नाही, ती एकाग्रता. मला सासूची हाक ऐकू आली नाही, तर बहिरी. संध्याकाळी काट्यावर माझा कापूस सगळ्यांपेक्षा जास्त भरला. वहीत मीच लिहिला. त्यावर कुणी बोललं नाही. शाळेत असताना मी धावायचे, तेव्हाही असंच... असो.

आणि ती इतकी जिंकली की वाचूनच दम लागतो. इंग्लिश लेडीज ओळीनं पाच वर्षं, ब्रिटिश लेडीज चार वेळा. पुरुष-बाई धरून एवढा चांगला खेळ पाहिला नाही, असं खुद्द बॉबी जोन्स, त्या काळचा अमेरिकेचा मोठा गोल्फर, म्हणायचा. १९२५ मध्ये ब्रिटिश लेडीज जिंकली आणि मोठ्या स्पर्धा सोडून दिल्या. १९२९ला परत आली, कारण स्पर्धा सेंट अँड्र्यूजला, गोल्फच्या पंढरीत होती. अमेरिकेची ग्लेना कॉलेट पाच होलनी पुढे गेली होती, तरी हीच जिंकली. आणि पुन्हा बाजूला. मन मानेल तेव्हा असं बाजूला होता येतं? मी पराटीतून बाजूला झाले तर बोंडं पावसात भिजतील.

पण पुढचं वाचून हसू आलं. पैशांची गरज पडली म्हणून बाई लंडनच्या फोर्टनम अँड मेसन दुकानात गोल्फच्या विभागात कामाला लागली. तेवढ्यावरून तिचा हौशीपणा, म्हणजे पैसे न घेता खेळणारीचा दर्जा, काढून घेतला! मग १९३५ला अमेरिकेत जाऊन पैसे घेऊनच खेळली, चांगलं केलं.

त्या हिशेबानं मी पक्की हौशी. माझ्या तासाशेजारच्या प्रत्येकीला किलोमागे मजुरी आहे, मला सोडून. घरच्या बाईचा कापूस मजुरीत धरत नाहीत. माझा दर्जा काढून घ्यायची कुणाची टाप आहे?

उद्या नाल्याकडच्या वावरात वेचणी. तिथवर आईंचे गुडघे चालत नाहीत.