न्यूज सर्व्हर बंद झाला तेव्हा

२००९ साली मी न्यू जर्सीत राहत होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या इंटरनेट कंपनीची चार ओळींची ईमेल आली. यूजनेटची, म्हणजे विषयवार गटांत (न्यूजग्रुपांत) संदेश लिहून चर्चा करण्याच्या जाळ्याची, सेवा वापरणाऱ्या ग्राहकांची संख्या अत्यल्प असल्याने ती लवकरच बंद करण्यात येत आहे, असे तिच्यात कळवले होते. त्या अत्यल्पांपैकी मी एक होतो.

यूजनेटची कल्पना १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी मांडली. तिला ना मालक होता, ना मुख्य संगणक. प्रत्येक संस्थेचा सर्व्हर शेजारच्या सर्व्हरकडून संदेश घेई, काही दिवस आपल्याकडे ठेवी आणि पुढे पाठवी. त्यामुळेच इंटरनेट कंपन्या ईमेलप्रमाणे न्यूज सर्व्हरही मासिक शुल्कातच देत असत. संदेशाचे शीर्ष उघडून पाहिले की त्यात 'पाथ' नावाची ओळ दिसे आणि तो संदेश ज्या ज्या यंत्रांमधून आला त्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडलेली असत. सर्वांत डावीकडे आपल्या कंपनीचे नाव. टपालाच्या पाकिटावरचे शिक्के वाचावेत तशी ती ओळ मी वाचत असे.

मी मुख्यतः सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या गटासाठी तेथे गेलो. देवनागरी सर्वांच्या पडद्यावर दिसेल याची खात्री नसल्यामुळे मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई, आणि आयट्रान्स पद्धतीत 'पाणी' व 'पानी' यांतला फरक केवळ 'एन' मोठा की लहान एवढ्यावर ठरे. शिफ्टची कळ दाबायला विसरलेल्या माणसाच्या शुद्धलेखनावर तेथे वाद झडत. (त्यांत मीही हिरिरीने भाग घेतला आहे.)

कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. मजकुराचे गट सर्व्हरवर फारशी जागा घेत नसत. जागा आणि बँडविड्थ खात होत्या त्या चित्रपट, गाणी व सॉफ्टवेअरच्या फाइली, आणि त्यांतल्या बऱ्याचशा चोरीच्या. त्यातच जून २००८ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांच्या तपासात ८८ गटांमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे आढळली. त्यानंतर इंटरनेट कंपन्यांपैकी टाइम वॉर्नर केबलने सगळेच न्यूजग्रुप बंद केले, तर व्हेरायझनने यूजनेटचे केवळ आठ जुने मुख्य विभाग चालू ठेवले. त्या गुन्ह्याविरुद्ध कारवाई व्हायलाच हवी होती. परंतु त्यासाठी एक लाखाहून अधिक गटांची सेवाच गुंडाळणे म्हणजे एका खोलीत साप निघाला म्हणून सगळा वाडा पाडण्यासारखे होते. व्हेरायझनचे ते आठ विभागही पुढच्याच वर्षी गेले आणि एटी अँड टीनेही २००९ मध्येच ही सेवा बंद केली.

वापर घटला होता हे मी नाकारत नाही, कारण माझे स्वतःचे मित्रही एव्हाना वेबवर गेले होते. मात्र आमच्या कंपनीच्या मदतपानावर सर्व्हरचा पत्ता शोधायला मला एकदा अर्धा तास लागला होता, आणि जी वस्तू ग्राहकाला दाखवायचीच नाही तिला मागणी नाही असे म्हणणे फार सोपे असते. शेवटी २० मे २०१० रोजी खुद्द ड्यूक विद्यापीठाने कमी वापर व वाढता खर्च ही कारणे देऊन आपला सर्व्हर बंद केला.

आमचा सर्व्हर गेला त्या रात्री थंडरबर्डने, म्हणजे ज्यात मी ते संदेश वाचत असे त्या प्रोग्रामने, बराच वेळ वाट पाहून जोडणी होत नसल्याचे सांगितले. दोन दिवसांनी मी इटर्नल सप्टेंबर या विनामूल्य, केवळ मजकुराचे गट देणाऱ्या सर्व्हरवर खाते उघडले. गट तेच होते, वाद तेच होते आणि एका गृहस्थांना दिलेले माझे अर्धवट उत्तरही मसुद्यांत तसेच पडून होते. ते पूर्ण करून पाठवले, थोड्या वेळाने पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा 'पाथ'च्या ओळीत डाव्या टोकाला नवे नाव आले होते.